पाठीवरचं पाणी

इथं खोलीच्या खिडकीखालून काली नदी वाहते. तिचा आवाज एवढा मोठा, की आल्या आल्या मला वाटलं कुणीतरी नळ सुरू ठेवला. मी मोरीत जाऊन पाहून आले. तोटी बंद होती. थोड्या वेळानं पुन्हा पाहून आले. सोबतची आपा हसायला लागली, "अरे बाई, नदी है वो. उसको कौन बंद करेगा?"

धारचुल्यात नदीवर झुलता पूल आहे. अलीकडे आपण, पलीकडे नेपाळ. उद्या सकाळी पूल उघडला की आम्ही तिघी पाठीवर पिशव्या घेऊन तिकडे जाणार आहोत. पलीकडे एक वाटाड्या भेटेल. मग बरेच दिवस फक्त चालणं, एका बर्फाच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत. वाटेत मोठी गावं नाहीत, हॉटेलं नाहीत. झोपायला तंबू. अमरावतीत ब्लाउज आणि फॉल-पिको करणाऱ्या, आठवीतून शाळा सोडलेल्या आणि नागपूरच्या पुढं कधी न गेलेल्या बाईनं हे लिहावं, याचं मलाच हसू येतं.

सुरुवात एका पट्ट्यापासून झाली. मॅडम माझ्या जुन्या गिऱ्हाईक. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. एकदा त्या ब्लाउजऐवजी एक भलीमोठी पाठपिशवी घेऊन आल्या. तिचा खांद्याचा पट्टा उसवला होता.

"एवढी मोठी पिशवी कायले लागते मॅडम? बिऱ्हाड हलवून राहिल्या का?"

"बिऱ्हाडच आहे. पाठीवरचं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी नेपाळचं सांगितलं. त्या, त्यांची बहीण आणि अचलपूरची एक नर्स, जिला सगळे आपा म्हणतात, अशा तिघी जाणार होत्या. मी मशीनवर पट्टा शिवत होते आणि विचारत होते. रात्री वाघ येतो का. पाऊस आला तर. पूल ओलांडताना कोणी अडवतं का. लाईन आखलेली असते का जमिनीवर, नकाशात असते तशी? मॅडम प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होत्या. असं कुणी मला एवढं सविस्तर उत्तर देत बसलं, की मला भरून येतं. त्या दिवशी मी पट्ट्याला दुहेरीच्या जागी चौपदरी शिवण घातली.

पुढच्या महिन्यात त्यांची बहीण जिन्यावरून घसरली, गुडघा गेला. मॅडम दुकानात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "तुम्ही येता का?"

"मी? मॅडम, मी आठवी शिकलेली बाई."

"चढावर कोणी मार्कशीट मागत नाही. पण एक अट आहे. निघायच्या आधी पूर्ण ओझं घेऊन चिखलदऱ्याचा डोंगर पायी चढून दाखवायचा. वर पोचलात तर नेते. नाही पोचलात तर नाही नेणार, मग रागवायचं नाही. तिकडे तुम्ही आजारी पडलात तर मी आणि आपा तुम्हाला उचलून आणू शकणार नाही."

अट मला आवडली. शाळा सोडल्यापासून माझी कोणी परीक्षाच घेतली नव्हती.

घरी सांगितलं तर आमचे हे जेवता जेवता थांबले. ते एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक आहेत. "राजकमल चौकात जायचं म्हटलं तर तुले ऑटो लागते," ते म्हणाले, "अन् तू नेपाळले पायी जाऊन राहिली?" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी कुठून तरी तशी एक पिशवी पैदा केली. तिच्यात तुरीची डाळ, जुने टायरचे तुकडे, काय काय भरलं, आणि माझ्या पाठीवर चढवून मागून ढकलत म्हणाले, "चाल, गाडी टेस्टिंगले निघाली."

मी पहाटे छत्री तलावापर्यंत जायला लागले. परत येताना रेल्वेचा पूल चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. गल्लीतल्या बाया पाणी शिंपता शिंपता बघायच्या. "काहून वं, भांडून माहेरी चालली काय?" हा प्रश्न रोज. पहिले काही दिवस मी लाजले. मग म्हणू लागले, "हो, माहेर लय दूर केलं औंदा." माझी पिशवी कशी बसते, पट्टा कुठं काचतो, हे मीच पाहत होते आणि मीच शिवून दुरुस्त करत होते. पायांना फोड आले, फुटले, कातडी निबर झाली. मला खरंच वाटायला लागलं की मी पास होणार.

पोळा झाल्यावर आम्ही चिखलदऱ्याला गेलो. परतवाड्याच्या पुढं, घाटाच्या पायथ्याच्या एका खेड्यातून एक जुनी पायवाट वर जाते. तिथं मी आपाला पहिल्यांदा भेटले. उंच, चष्मा लावलेली, बोलता बोलता समोरच्याचा हात धरणारी. मला बघून म्हणाली, "ये तो दुबली है मॅडम, चढेगी ना?" आणि माझ्या पिशवीचं वजन उचलून पाहून, "या अल्ला, इसमें क्या दुकान लाई?"

डोंगर हिरवागार होता. जिकडे तिकडे पाणी. वाटेच्या कडेनं ओहोळ, खडकांतून झिरपणारं, पानांवरून ठिबकणारं. उकाडा मात्र असा, की अंगातला कुडता पिळून काढावा. मॅडम पुढे, मी मध्ये, आपा मागे. मी चांगली चालत होते. श्वास लागत होता, पण पाय उचलत होते. मॅडम वळणावर थांबायच्या, पाणी प्यायच्या, मागे बघून "ठीक?" विचारायच्या. मी "ठीक" म्हणायचे.

अर्धा चढ झाला असेल. आधी डोकं ठणकायला लागलं. मग दोन्ही पोटऱ्यांत गोळे. मग मॅडमच्या एका निळ्या पिशवीच्या दोन दिसायला लागल्या. मी त्यांतल्या बरोबरच्या पिशवीमागे जायचा प्रयत्न केला आणि वाटेवरच बसले. बसल्यावर उलटी झाली.

आपानं माझं नख दाबून पाहिलं, जीभ बाहेर काढायला लावली. "पेशाब को कब गई थी?"

"घरी. सकाळी."

"और पानी कितना पिया?"

तिनं माझी पिशवी उघडली. आत एक मोठी बाटली होती, दुसरी बाटली होती, आणि तळाशी दुधाची प्लास्टिकची छोटी कॅन होती. सगळ्या तोंडापर्यंत भरलेल्या. एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं. पिशवीचं अर्धं वजन तेच होतं.

"हे पाणी कोणासाठी आहे?" मॅडमनी विचारलं.

"वर लागलं तर..."

"वर?"

"पुढं पाणी भेटलं नाही तर."

मॅडमनी फक्त बाजूला पाहिलं. माझ्यापासून हातभर अंतरावर ओहोळ खळाळत होता. आपा आधी हसली, मग मला घोट घोट पाजू लागली. हसणं थांबवून ती म्हणाली, "पानी पे बैठ के प्यासी मर रही थी ये औरत." मला रडू आलं. रडायलाही डोळ्यांत काही नव्हतं.

आम्ही तिथूनच उतरलो. परतीच्या बसमध्ये मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. अमरावती आल्यावर म्हणाल्या, "मला जरा विचार करू द्या." बहिणीच्या जागेवर दुसरीही कोणी मिळू शकते, हे त्या बोलल्या नाहीत. पण मला ऐकू आलं.

त्या आठवड्यात माझे ब्लाउज बिघडले. एकीच्या बाह्या उलट्या लागल्या. यांनी ते उसवताना पाहिलं आणि म्हणाले, "जाय, माहेरी जाऊन ये एखादा दिवस. डोकं ताळ्यावर येईन."

अकोल्याला गेले ते नेमकी नळाच्या दिवशी. आमच्या तिकडे पाणी रोज येत नाही. आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. आलं की घरातलं रिकामं म्हणून जे जे आहे ते भरायचं: ड्रम, हंडे, कुकर, डबे, वर पितळी तांब्या. पाणी गेलं की आई सगळ्यावर झाकणं ठेवते आणि मग घरात एकच कायदा. पुढचा नळ खरंच आल्याशिवाय मागचं भरलेलं फोडायचं नाही, झाकण उघडायचं नाही. वापरायचं ते त्याच्याही आधीच्या नळाचं उरलेलं. लहानपणी पाहुण्यांना गडवाभर पाणी दिलं जायचं आणि आम्हाला "आत्ता तर पेली होतीस" म्हणून गप्प केलं जायचं. आम्ही कुणी त्याला तहान म्हटलं नाही. ती घराची शिस्त होती.

माझी शाळाही अशीच सुटली. नळाच्या दिवशी मोठी पोरगी घरी पाहिजे. नळाचा दिवस बदलत राहायचा, तसा माझा चुकणारा तासही बदलायचा. सगळेच विषय थोडे थोडे गळले. आठवीच्या शेवटी मीच म्हटलं, राहू दे. कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. आईनं त्या दिवशी माझ्या केसांना तेल लावून दिलं होतं.

त्या दुपारी आई आणि मी भरलेल्या भांड्यांच्या मध्ये बसलो होतो. मी तिला डोंगरावरचं सांगितलं. ती ऐकून घेते आणि मग टोचते.

"मंग? पानी वाचलं नं?"

"आई, मी पडली तिथं."

"पडली, पण पानी सांडलं नाई नं?"

आम्ही दोघी हसलो. हसताना मी पाहिलं, तिचे ओठ फाटलेले होते. दुपार टळली होती, सकाळपासून ती हंडे उचलत होती, आणि तिनं स्वतः घोटभरही घेतलं नव्हतं. मी उठून भरलेल्या हंड्याचं झाकण काढलं आणि गिलास बुडवला.

"अवं, ते फोडू नको! ते आजचं हाय!"

"पे," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे, हंड्याकडे, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि प्यायली. मग मी प्यायले. त्याच हंड्यातलं. काही झालं नाही. हंडा जवळजवळ तेवढाच भरलेला दिसत होता.

परत आल्यावर मी मॅडमच्या घरी गेले. त्यांच्या दारात घंटी वाजवायच्या आधी किती वेळ उभी होते, ते मी सांगणार नाही. मी त्यांना नळाचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मॅडम, माझे पाय नापास नाही झाले. एकच विषय राहिला. पुन्हा परीक्षा घ्याल का?"

त्या आत गेल्या आणि पाण्याचा मोठा गिलास घेऊन आल्या. "आधी हे," म्हणाल्या. मी उभ्यानं संपवला. "दसऱ्याच्या आधी जाऊ," त्या म्हणाल्या. "आता रोज चालायचं तर आहेच, पण रोज प्यायचंही आहे. आपाला सांगते."

त्यानंतर माझी जी तालीम झाली ती मी जन्मात विसरणार नाही. आपा हॉस्पिटलातून फोन करायची. हॅलो नाही, सलाम नाही. "पी लिया?" मी "हो" म्हटलं की, "झूठ. अभी पी, मैं सुन रही." मी फोन कानाला लावून गटागटा प्यायचे आणि ती ऐकायची. आमचे हे वर्कशॉपातून आले की विचारायचे, "रेडिएटरमध्ये पानी टाकलं का?" फोडायच्या आधी हात अडायचाच. भरलेल्या बाटलीचं झाकण फिरवताना मला आजही कुणीतरी बघतंय असं वाटतं. पण हात अडला तरी फिरवायचं, एवढं मी शिकले.

दुसऱ्या वेळी मॅडमनी मला दोनच बाटल्या घेऊ दिल्या. कॅन घरी. पायथ्याशीच त्यांनी सांगितलं, "प्रत्येक वळणावर प्यायचं. संपलं की ओहोळावर भरायचं, पाणी शुद्ध करायची गोळी टाकायची, थांबायचं, मग प्यायचं. आणि भरायचं तेही अर्धंच."

"अर्धंच?"

"पुढच्या ओहोळापर्यंत पुरेल एवढंच."

चढाची भीती मला त्या दिवशी वाटलीच नाही. मला भीती वाटली ती पहिली बाटली रिकामी झाल्यावर. ती हातात हलकी लागली, आणि मला वाटलं, घरातले सगळे हंडे कुणी उपडे केले. मी थांबले. मागून आपा म्हणाली, "क्या हुआ?"

"खाली झाली."

"तो? इसीलिए तो थी."

पुढच्या वळणावर ओहोळ होता. त्याच्यापुढच्या वळणावरही होता. मी अर्धी भरली. हात आपोआप वरपर्यंत भरायला जात होता, तो मी मागे घेतला. मग आणखी एक वळण, आणखी एक. मोजणं सोडून दिलं. धुक्यात शिरलो, अंगाला गार लागलं, आणि एकदम वाट सपाट झाली. मला वाटलं आणखी चढ असेल. मॅडम एका दगडावर बसल्या होत्या आणि पायातले बूट काढत होत्या.

"झालं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या पिशवीतून एक बाटली काढली आणि उलटी केली. एक थेंब पडला. दुसरी उलटी केली, तिच्यातून तेवढाही नाही. "झालं," त्या म्हणाल्या. "पुलावर लागेल, ओळखपत्र काढून ठेवा." आपानं मला मिठी मारली आणि तिचा चष्मा माझ्या पिशवीच्या बकलात अडकला. तो सोडवण्यातच आमचा आनंद साजरा झाला. मग आम्ही गरम भजी खाल्ली.

निघायच्या दोन दिवस आधी आईला भेटायला गेले. तिनं ज्वारीच्या लाह्यांचं पीठ करून ठेवलं होतं, मॅडमनी ते मंजूर केलं होतं. पण आईनं आणखी एक गोष्ट पुढं केली. थंड पेयाची मोठी बाटली, काठोकाठ भरलेली, बाहेरून जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळून टाके घातलेले.

"आई!"

"दुसऱ्या देशातलं पानी बाधते. घरचं असू दे. लागलं तर पेजो."

"आई, तिकडे नद्या हायेत."

"असन. त्याईच्या हायेत. हे आपलं हाय."

या वेळचा नळ बारा दिवस उशिरा आलेला होता, हे मला शेजारणीकडून कळलं होतं. त्यातलं तिनं हे भरलं होतं. मी नाही म्हणू शकले नाही. मॅडमला सांगायचीही हिंमत झाली नाही. बडनेऱ्यापासून दिल्लीपर्यंत ती बाटली माझ्या पायांत होती, टनकपूरपासून जीपमध्ये माझ्या मांडीवर. घाटातल्या वळणांवर आपा उलट्या करत होती आणि मी एका हातानं तिची पाठ चोळत होते, दुसऱ्या हातानं बाटली धरून होते.

आज संध्याकाळी मॅडमनी शेवटची झडती घेतली. आमच्या तिघींच्या पिशव्या पलंगांवर ओतल्या. जास्तीचा टॉवेल बाहेर, माझी दुसरी साबणवडी बाहेर, आपाचा पावडरचा डबा बाहेर. मग त्यांच्या हातात ते फडक्याचं गाठोडं आलं.

"आणि हे?"

"अकोल्याचं आहे," मी म्हटलं. "आईनं दिलं."

मला वाटलं आता संपलं. पूल समोर आणि माझी परीक्षा पुन्हा. मॅडमनी बाटली हातात तोलली. त्यांनी अकोल्याच्या शाळेत काही वर्षं काढली आहेत, हे मला आज कळलं. त्यांनी टाके बघितले, बोटानं चाचपले, आणि बाटली खाली ठेवली.

"शेगडी अजून तपासायची आहे," त्या म्हणाल्या. "इथंच पेटवून बघू. चहा टाकते."

लॉजच्या गच्चीवर आम्ही ती छोटी गॅसची शेगडी पेटवली. वारा होता, तिघी तिच्याभोवती पदर-ओढण्या धरून बसलो. आईच्या बाटलीचं झाकण मी फिरवलं. हात अडला. फिरवलं. पाणी पातेल्यात पडलं, तेव्हा खाली ती एवढी मोठी नदी ओरडत होती, तरी मला त्याचा आवाज ऐकू आला. चहा थोडा मचूळ झाला. आपा म्हणाली, "ओआरएस है ये. इसमें नमक पहले से है." उरलेलं पाणी आम्ही तिघींनी तसंच पिऊन टाकलं.

मग मी आईला फोन लावला.

"पोचली? जेवली? थंडी हाय काय?" आणि लगेच, "पानी हाय नं अजून?"

खोटं बोलणं सोपं होतं. "संपवलं, आई. तिघींनी मिळून."

मागून भांड्यांचा आवाज येत होता.

"सारं?"

"सारं."

"मंग आता?"

"आता उद्या तिथलं पिईन. गरम करून."

मग ती म्हणाली, "बाटली फेकजो नको."

"नाई फेकत."

"येतानी भरून आनजो थोडं. पाह्यतो तरी, कसं लागते त्याईचं."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी फोनमधलं सगळं ऐकलं होतं, आई हळू बोलतच नाही. त्या पिशव्यांचे पट्टे आवळत होत्या, मीच शिवलेले. "रिकामी चालेल," त्या म्हणाल्या. "येताना भरायची. जाताना नाही."

बाटली आता खिडकीत उलटी ठेवली आहे, निथळायला. फडकं बाजूला वाळतंय. खाली पुलावर शिपायानं शिट्टी वाजवली, आजचा पूल बंद झाला. मॅडम, आपा, आमचे हे, आई, सगळ्यांचं आठवता आठवता तहान लागली आहे. तहान लागली की काय करायचं, ते आता मला माहीत आहे. कुणी फोनवर नसताना मी उठते आणि पिऊन येते.